सोलापूरहून गोव्याला, गाणं ऐकायला

सोलापूरहून गोव्याला जाणारे बहुतेक जण कळंगुट-बागा पट्ट्यात दोन रात्री काढतात, कानठळ्या बसवणाऱ्या डीजेसमोर पैसे मोजतात आणि परत आल्यावर सांगतात की तिथं रात्री दारूशिवाय काही नसतं. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. मंगेशीचे दीनानाथ आणि अभिषेकीबुवा, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही माणसं या एवढ्याशा मुलखातून आली. हिंदी सिनेमाच्या जुन्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन धरलेल्यांत गोव्याचे वादक किती तरी होते. आजही तिथं रोज संध्याकाळी कुठं ना कुठं कोणी तरी हातात वाद्य घेऊन बसलेलं असतं. ते कुठं आणि कधी, एवढंच नव्या माणसाला ठाऊक नसतं.

आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. शब्द पूर्ण न कळताही गाण्याला मान डोलावण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. कोकणी तर मराठीच्या शेजारचीच. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

१. आधी गाणं ठरवा, मग तारीख

लोक उलटं करतात. सुट्टी मिळाली की तिकीट काढतात आणि मग तिथं काय चाललंय ते शोधतात. गोव्यात संगीत ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे चुकीच्या महिन्यात गेलात तर बंद शॅकसमोर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीसमोर, पाऊस बघत बसाल.

नोव्हेंबर ते मार्च हा सगळ्यात भरगच्च काळ. किनाऱ्यावरचे शॅक चालू असतात, हडफड्याचा (अर्पोराचा) शनिवारचा नाइट मार्केट भरतो, पणजीत केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोह आणि मांडो (कोकणी गाणं-नाच) महोत्सव होतात. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. २०१६ पासून तो भरतो आहे आणि त्यातल्या पुष्कळ मैफली आधी नाव नोंदवून ऐकता येतात. याच दिवसांत देवळांच्या जत्रा आणि दशावतार. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल, होळीनंतर शिगमो: ढोल-ताशे, रोमटामेळ (वाजतगाजत निघणारा मेळ), घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून नाच). शिगम्याच्या मिरवणुकीची तारीख प्रत्येक शहराची वेगळी असते, ती आधी बघून घ्या.

पावसाळ्यात शॅक उतरवलेले असतात, पण गावं जागी असतात. २४ जूनला सांजाव. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून, घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत, गाणी म्हणत लोक विहिरींत उड्या मारतात. श्रावणात वास्कोच्या दामोदर देवळात भजनी सप्ताह. नाव सप्ताह असलं तरी अखंड भजन चोवीस तासांचं असतं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ते सुरू होतं आणि गायक येत राहतात. पंढरपूरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तिथं परकं वाटायचं कारण नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा असतो. त्याबद्दल पुढं लिहितो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ येतो. त्या दिवसांत ख्रिस्ती गावांतले नाच-गाण्याचे कार्यक्रम जवळजवळ थांबतात. हॉटेलांत आणि क्लबात काही फरक पडत नाही, पण गावचं संगीत ऐकायचं असेल तर कार्निव्हल संपल्या संपल्या जाऊ नका.

२. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं:
- आधार कार्ड, मूळ प्रत. मुक्कामाच्या ठिकाणी प्रत्येकाचं मागतात, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही.
- वयाचा पुरावा. गोव्यात मद्यासाठी किमान वय २१ आहे आणि क्लबच्या दारात ते बघतात. सोबत भाचा-पुतण्या असेल तर त्याचंही ओळखपत्र खिशात हवं.
- वाहन परवाना. भाड्याची दुचाकी घेणार असाल तर मूळ परवाना किंवा डिजिलॉकरमधला.
- स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी.

सामान: टॉर्च, कानात घालायचे फोमचे बोळे (लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नक्की), थोडे सुटे पैसे, पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट. आणि दोन आपल्याकडच्या वस्तू. एक म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. शॅकचं किचन रात्री बंद झालं किंवा जत्रेत पहाटेपर्यंत बसलात तर तिच्यासारखा आधार नाही, आणि ती खराबही होत नाही. दुसरी सोलापुरी चादर. डिसेंबरात उघड्या मैदानावर दशावतार बघताना मध्यरात्रीनंतर दव पडतं. खाली अंथरायला एक, अंगावर घ्यायला एक, अशा दोन न्या.

३. जायचं कसं

जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. ते मोपाच्या मनोहर विमानतळावर उतरतं. आठवड्याचे वार आणि वेळा बदलत असतात, म्हणून आधी विमानाचे वार बघा आणि मगच खोली ठरवा. मोपा राज्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. पेडणे, मोरजी, हणजूण या बाजूला जायचं तर जवळ, मडगाव-पाळोळे बाजूला जायचं तर लांब. विमानतळावरून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस सुटतात. टॅक्सीवाल्याशी बोलण्याआधी त्यांची वेळ विचारा.

रेल्वेनं जायचं तर मिरज किंवा हुबळीला गाडी बदला. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस मिळते. रात्रीच्या खासगी स्लीपर गाड्याही आहेत. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी विजापूर-बेळगाव-चोर्ला किंवा सांगोला-मिरज-कोल्हापूर-आंबोली यातला एक रस्ता धरावा. कोणताही धरा, घाट उजेडात उतरा. चोर्ल्यात पावसाळ्यात धुकं असं दाटतं की समोरच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही.

४. मुक्काम: बेटावर की किनाऱ्यावर

गोवा बेट नाही, पण मांडवीच्या पाण्यानं त्यात बेटं कापून काढली आहेत: दिवाडी, चोडण, जुवे. माझी पसंती दिवाडीला. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का लागतो. फेरी नदी परिवहन खात्याची, पायी माणसाला तिकीट नाही, आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडं. रायबंदरहूनही फेरी आहे. बेटावर जुनी घरं, भातशेती आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावरचं. पोर्तुगीजांनी ते मोडल्यावर देव नदीपलीकडं नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं केलं. दोन्ही ठिकाणं एका सकाळी होतात.

बेटावर रात्री क्लब नाहीत आणि ते बरंच आहे. पण एक सापळा आहे: शेवटची फेरी. ती चुकली तर तुम्ही अलीकडं आणि तुमची खोली पलीकडं. वेळ मोबाइलवर बघू नका. संध्याकाळी जाताना फेरीवरच्या माणसाला तोंडी विचारा, घरमालकालाही विचारा, आणि दोघांपैकी जो लवकरची वेळ सांगेल ती धरा.

रोज रात्री उशिरापर्यंत ऐकायचं असेल तर पणजीत मळा-फोंतेन्हास भागात राहा. कला अकादमी, जेटी, जुनी बारं सगळं रिक्षाच्या किंवा पायाच्या अंतरावर. शॅकवरचं संगीतच हवं असेल तर मात्र किनाऱ्यापासून चालत पोचता येईल अशीच खोली घ्या, मग ती थोडी साधी का असेना. रात्रीचा टॅक्सीचा खर्च खोलीतल्या बचतीपेक्षा जास्त होतो.

५. संध्याकाळी सातला जागेवर बसा

सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. रात्री जेवून, आवरून, दहाला बाहेर पडायचं असं लोक ठरवतात. पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी सरकार बारापर्यंत सूट देतं, बाकी दिवशी दहा म्हणजे दहा. उघड्यावरची चांगली मैफल तोपर्यंत आटोपलेली असते. त्यानंतर बंद हॉलमधलं उरतं, किंवा पाळोळ्याला सुरू झालेल्या हेडफोनच्या पार्ट्या, ज्यात प्रत्येकाच्या कानात गाणं आणि बाहेर शांतता.

म्हणून दिवस असा बसवा: दुपारी झोप, साडेपाचला चहा, सातच्या आत खुर्ची. जेवण तिथंच मागवा किंवा दहानंतर करा.

कुठं काय आहे ते सकाळच्या स्थानिक वर्तमानपत्रात बघा. तियात्राच्या (कोकणी संगीत नाटकाच्या) जाहिराती, नाटकं, भजनाचे कार्यक्रम, सगळं असतं. गावाच्या नाक्यावर फेस्ताचे (चर्चच्या उत्सवाचे) फलक लावलेले असतात. मोबाइलवर शोधलं की महागडी ठिकाणं वर येतात, नाक्यावरच्या फलकावर गावाचा कार्यक्रम दिसतो.

६. शॅकवरचा गायक

एक माणूस, एक गिटार, पुढ्यात लॅपटॉप किंवा कीबोर्डवर भरलेला ताल. शॅकवर बहुतेक वेळा एवढंच असतं. त्याला कमी लेखू नका. हा माणूस सीझनमध्ये रोज गातो, समोरच्या टेबलावर रशियन, बंगाली, पुणेकर कोण बसलंय ते बघून गाणं निवडतो आणि कोणी ऐकत नसलं तरी सूर सोडत नाही. त्याचे हात बघा. गाता गाता उजव्या हातानं गिटार, पायानं पेडल, आणि दोन ओळींच्या मध्ये आवाजाचं बटण.

स्पीकरच्या बरोबर समोर बसू नका. थोडं बाजूला आणि मागं, जिथं गायक दिसतो पण बोलणंही ऐकू येतं, ती जागा उत्तम. मोठ्या बँडला आवाज सांभाळणारा माणूस असेल तर त्याच्या आसपासची जागा धरा. तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल.

फर्माईश गाणं चालू असताना ओरडून सांगायची नाही. चिठ्ठीवर लिहा, दोन गाण्यांच्या मध्ये नेऊन द्या, सोबत बक्षिसी ठेवा. एकच गाणं मागा. आणि माइक मागू नका. वाढदिवस असला तरी नको. गाण्यानंतर टाळ्या वाजवल्यात तर पुढचं गाणं तो तुमच्याकडं बघून गाईल, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

हडफड्याच्या नाइट मार्केटमध्ये स्टेजवर पूर्ण बँड असतो. तिथं लवकर पोचा, आठनंतर पार्किंगमध्येच तास जातो. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेला असाल तर पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी मांडवीत फिरणाऱ्या बोटी बऱ्या. बँड, देखणी आणि कोरेदिन्य हे नाच, असं तासाभरात सगळ्याची चव मिळते. आवाज मोठा असतो, कार्यक्रम ठरीव असतो, पण आई-बाबांना आवडतो. तिकीट खिडकीवरच काढा, रस्त्यात हाक मारणाऱ्याकडून नको. जवळच कॅसिनोच्या बोटींचे दलाल फिरत असतात, त्यांची बोट वेगळी.

७. एक तियात्र बघाच

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघून मोठा झालेला कोणीही तियात्र चुकवू नये. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालं, लुकासिन्यू रिबेरो यांनी केलेलं. आज मडगावचं रवींद्र भवन, पणजीची कला अकादमी, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह इथं प्रयोग होत असतात. नाटकाचा एक प्रवेश संपतो, पडदा पडतो आणि पडद्यापुढं येऊन कोणी तरी कांतार, म्हणजे कोकणी गाणं, गातं. त्या गाण्याचा नाटकाच्या गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. आमदार, महागाई, खाण, जमीन विकणारे, आखातात गेलेला मुलगा, काहीही विषय. स्टेजच्या पायथ्याशी बँड बसलेला असतो: ट्रंपेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम. आणि सगळं प्रत्यक्ष वाजतं.

कांतार लोकांना आवडलं की टाळ्या-शिट्ट्या थांबत नाहीत, गायक पुन्हा येतो आणि त्याच चालीवर नवं कडवं म्हणतो. ते कडवं त्यानं आधीच लिहून ठेवलेलं असतं, पण ते ऐकायला मिळणं प्रेक्षकांच्या हातात. कोकणी पहिल्या पंधरा मिनिटांत कानाला बसते. नाही कळलं तर शेजाऱ्याला विचारा. मराठी माणूस तियात्राला आलाय म्हटल्यावर शेजारी आनंदानं सांगतो.

तिकीट प्रयोगाच्या आधी नाट्यगृहावर मिळतं. नावाजलेल्या मंडळीचं असेल तर सकाळीच काढा.

८. घुमट, मांडो आणि बोंदेरा

घुमट म्हणजे दोन तोंडांचा मातीचा घडा. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. वादक तो गळ्यात अडकवतो, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर मारतो आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकतो-उघडतो. झाकलं की आवाज दबतो, उघडलं की घुमतो. सगळी गंमत त्या डाव्या हातात आहे, म्हणून बसताना वादकाच्या डाव्या बाजूला जागा घ्या. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आहे, आता बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. घुमट विकत घ्यायचं असेल तर कातडं बकऱ्याचंच आहे ना हे विचारूनच घ्या.

मांडो साष्टीच्या (मडगावच्या आसपासच्या तालुक्याच्या) मोठ्या घरांतून आला. बाया आणि पुरुष समोरासमोर दोन ओळींत, हातात पंखा आणि रुमाल, पावलं संथ, विषय बहुधा विरहाचा. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला तरी उठू नका. मांडोमागून दुलपद येतं, लय चढते आणि तोपर्यंत स्थिर बसलेला हॉल हलायला लागतो.

दिवाडीचा बोंदेरा पिएदाद गावात होतो. वाड्यांच्या हद्दींवरून पूर्वी भांडणं होत. पोर्तुगीज अंमलात हद्दीवर झेंडे रोवले गेले आणि लोकांनी त्यांवर दगड मारून राग काढला, अशी त्याची कथा सांगतात. आज दगडांच्या जागी बांबूच्या नळीतून फळं उडवणारी फोटाश आहे. वाड्यावाड्यांचे चित्ररथ, ब्रास बँड, आणि संध्याकाळी स्टेजवर बँड. त्या दिवशी फेरीला प्रचंड गर्दी होते. गाडी जुन्या गोव्यातच ठेवा, पायी फेरीवर चढा, आणि परत फिरताना कार्यक्रम संपायची वाट न बघता आधीच धक्क्याकडं निघा. शक्य असेल तर त्या रात्री बेटावरच राहा. खोली महिनाभर आधी बोलून ठेवावी लागते.

९. जत्रेतली रात्र

पेडणे, बार्देश, डिचोली भागातल्या जत्रांत रात्री पालखी झाल्यावर दशावतार लागतो. मराठी भाषा, तिकीट नाही, हार्मोनियम-पखवाज-झांज, आणि पहाटेपर्यंत. मुलांना घेऊन जा. चादर अंथरून पुढं बसा, पण देवळाकडं पाय करू नका आणि तिथं मद्य पिऊन जाऊ नका. राक्षसाची एंट्री प्रेक्षकांतून होते, वाट मोकळी ठेवा. नट रंगतात त्या जागेत डोकवायची इच्छा होते, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

१०. क्लबला जायचंच असेल तर

- दारात पैसे देण्याआधी विचारा: यातले किती खाण्या-पिण्यात वळते होतात? एकट्या पुरुषांना प्रवेश आहे का, असेल तर दर काय?
- रस्त्यात थांबवून ‘फ्री एंट्री, अनलिमिटेड’ म्हणणाऱ्याच्या मागं जाऊ नका. बिल आत गेल्यावर कळतं.
- आत शिरल्या शिरल्या बाहेर पडायचा दुसरा दरवाजा बघा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यात एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. एकच अरुंद वाट दिसली, किंवा तळघरात बसवत असतील, तर पैसे गेले तरी चालतील, परत फिरा.
- बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, ग्लास सोडून नाचायला जाऊ नका.
- किनाऱ्यावर उघड्यावर पिणं दंडाचं काम आहे. आणि रात्री समुद्रात उतरायचं नाही. जीवरक्षक संध्याकाळीच गेलेले असतात.

११. परतीची गाडी आधी ठरवा

गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवामाइल्सचं टॅक्सीचं ॲप सोलापुरातूनच घालून घ्या. आडगावात रात्री तेही मिळेलच असं नाही, म्हणून जाताना आणलेल्या टॅक्सीवाल्याशीच परतीचं बोलून ठेवा, वेळ आणि रक्कम दोन्ही. बस संध्याकाळनंतर विरळ होतात.

दुचाकी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देतात, ती पोलिसांनी अडवली तर भुर्दंड तुमच्यावर. हेल्मेट दोघांनाही. प्यायलेले असाल तर चालवूच नका. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि गोव्याचे आतले रस्ते अरुंद, वळणाचे, रात्री गुरं बसलेले. चार जणांत एक न पिणारा ठरवा आणि त्याला मैफलीत सगळ्यात चांगली जागा द्या. मदतीसाठी ११२.

१२. येताना

स्वस्त मिळाली म्हणून बाटल्या भरून आणू नका. गोव्याचं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आंबोली-बांद्याच्या बाजूला तपासणी होते आणि गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. चोर्ल्यानं आलात तर कर्नाटकाचेही तपासनीस आहेत. विमानात सामानात बाटली चालते असं कोणी सांगितलं तरी तो नियम विमानापुरता. सोलापुरात उतरल्यावर महाराष्ट्राचा कायदा लागतो. काजू आणि खाजे घ्या, घुमट घेतलं असेल तर कपड्यांत गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा. सोलापुरात आल्यावर ते कोरड्या जागी टांगा. पावसाळ्यात कातडं सैल पडलं तर वाजवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवायचं.